जळक्या तेलाचा सोमवार

पहाटे साडेपाच

मंचरच्या गोडाऊनचं शटर वर केलं की आधी वास अंगावर येतो. कांदाभजी, वडा, चिकन, शेव, पापडी, सगळ्यांचा मिळून एकच खवट वास. नवीन पोरगा कामावर आला की पहिले दोन दिवस त्याला जेवण जात नाही. मग सवय होते, आणि पुढं तर नुसत्या वासावरून कोणता कॅन फरसाणवाल्याचा आणि कोणता ढाब्याचा हे सांगता येतं.

काम सांगायला सोपं आहे. हॉटेल, ढाबे, फरसाणवाले, वडापावच्या गाड्या यांच्या कढईत वापरून काळं पडलेलं तेल विकत घ्यायचं, गाळायचं, साठवायचं आणि बायोडिझेल करणाऱ्या प्रकल्पाच्या टँकरमध्ये भरून द्यायचं. आमच्याकडं जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके. लोक आम्हाला ‘जळक्या तेलवाले’ म्हणतात, गाडीवर काहीही लिहिलेलं असलं तरी.

छोट्या हत्तीत सामान चढतं. निळे कॅन, रुंद तोंडाचं नरसाळं, दोन पदरी जाळीची चाळण, वजनकाटा, भुशाचं पोतं, चिंध्या, पावतीपुस्तक. कॅन रात्रीच धुऊन पालथे घातलेले असतात, तरी सकाळी प्रत्येकात हात घालून ओल राहिली का ते बघायचं. या धंद्यात पाण्याइतकं नुकसान दुसरं काही करत नाही. पाणी उतरलेलं तेल तसंच प्रकल्पात गेलं तर कॉस्टिकशी गाठ पडून त्याचा साबण होतो आणि डिझेल कमी निघतं. भुसा कशासाठी, तर सांडलेल्या तेलासाठी. डांबरावर वाटीभर तेल सांडलं आणि मागून मोटारसायकल आली तर माणूस जायचा.

आजचा रस्ता ठरवताना थोडी ओढाताण झाली. सोमवार म्हणजे बेल्ह्याचा बाजार. बैलबाजाराला आलेल्या माणसांवर तिथल्या भजीच्या कढया दिवसभर उतरत नाहीत. पण हा सोमवार श्रावणातला आहे, आणि श्रावणी सोमवारी ओतूरला कपर्दिकेश्वराची यात्रा असते. दोन्ही साधत नाही. बेल्ह्याचे हॉटेलवाले ठरलेले आहेत, ते दोन दिवस तेल राखून ठेवतील. यात्रेतली पालं रात्री उठली की त्यांचं तेल कुठं जातं याचा पत्ता लागत नाही. म्हणून ओतूर.

सव्वासहा

मंचर एसटी स्टँडाजवळच्या गाड्यांपासून सुरुवात करतो, तेही मुद्दाम पहाटे. कढई रात्री उतरलेली असते, तेल थंड झालेलं असतं आणि गाळ तळाशी बसलेला असतो. गरम तेल घ्यायचं नाही, हा आमचा पहिला नियम. कॅन मऊ पडतो, हात भाजतो, आणि घाईत सगळा गाळ तेलाबरोबर येतो.

वडापाववाल्या दादांनी कढई तिरकी धरली. वरचं तेल चहाच्या रंगाचं, मोकळं. ते नरसाळ्यातून सरळ खाली गेलं. मग दाट तेल आलं, चाळणीवर रेंगाळणारं. शेवटी कढईच्या बुडाशी काळी रबडी उरली, बेसनाचा जळलेला चुरा आणि तेल एकजीव झालेली. ती मी घेत नाही. झाऱ्याच्या दांड्यानं कढईच्या कडेला ओरखडा काढला तर डिंकासारखा थर सोलून निघतो. तेल पुन्हा पुन्हा तापलं की त्याचे कण एकमेकांना चिकटत जातात, तोच हा थर. घासणीनं निघत नाही. दादांनी बोटानं तो चिकटा दाबून बघितला आणि म्हणाले, “हे पोटात गेल्यावर कुठं चिकटत असंल?”

माझ्यापुरतं या प्रश्नाचं उत्तर सरकारी कागदावर आहे. तळताना पदार्थातलं पाणी, हवा आणि उष्णता यांनी तेल मोडतं आणि त्यात नवीन घटक तयार होतात. त्यांची मोजणी करतात, तिला टोटल पोलर कंपाउंड म्हणतात. ते प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की तेल खाण्यात वापरायचं नाही, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. असं तेल पोटात जात राहिलं तर रक्तदाब, रक्तवाहिन्या, यकृत यांचे विकार बळावतात, असं प्राधिकरण सांगतं. नियम पंचतारांकित हॉटेलला आणि स्टँडवरच्या गाडीला सारखाच आहे. दादांना मी टक्के सांगत नाही. फेस खाली बसेना, धूर लवकर निघायला लागला, वडा टाकल्यावर तेल संथ वाटायला लागलं, की समजा संपलं. एवढं त्यांना पुरतं, आणि ते पाळतात.

वजन, पावती, रोख पैसे. रोख लगेच द्यावे लागतात, कारण याच पैशांत ते आजचा पाव घेतात.

साडेआठ

मंचर सोडून कळंबवरून नारायणगावकडं. पुणे-नाशिक महामार्गावर ढाबे ओळीनं आहेत. बाह्यवळणं झाल्यापासून मात्र धंद्याची उलथापालथ झाली. जुन्या रस्त्यावर ज्यांच्याकडं ट्रक उभे राहायला जागा पुरत नव्हती, त्यांच्याकडं आता कधी कधी अर्धा कॅनही निघत नाही.

श्रावणात तेलाची जातच बदलते. आषाढाच्या शेवटी ढाब्यांवर जे तळलं जातं त्याचं तेल लालभडक आणि मसाल्यानं जड असतं. तिखट आणि रंग लावलेलं चिकन तळून तळून त्यात तळाला लाल चिखल साचतो, चाळण दर दोन मिनिटांनी झटकावी लागते. श्रावण लागला की हे ढाबे गार पडतात. आज एका ढाब्यावर आचारी बाजेवर झोपला होता आणि कढई पालथी होती. महिनाभर खरा माल फरसाणवाल्यांकडचा आणि उपवासाच्या पदार्थांचा. थंडीत वेगळीच अडचण. पामतेल घट्ट होतं, नरसाळ्यात अडकून बसतं, मग कॅन उन्हात ठेवून वाट बघावी लागते.

पुढच्या ढाब्याच्या मागच्या बाजूला गेलो तर भिंतीशी काळा ओघळ. रात्रीचं उरलेलं तेल खरकट्याबरोबर सरळ मागं ओतून दिलेलं. मालक तरुण आहे, नवीनच चालवायला घेतलंय. मी म्हटलं, “भाऊ, पैसे ओतून दिलेत ते राहू द्या. पण मागं ऊस आहे. खरकट्याला कुत्री येणार आणि कुत्र्यांमागं बिबट्या.” हे जुन्नर-आंबेगावात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे ते उगीच नाही. त्यानं लगेच पोराला हाक मारून रिकामा कॅन मागून घेतला. आरोग्याचं बोललो असतो तर एवढ्या चटकन मागितला नसता.

साडेनऊ

नारायणगाव. टोमॅटोच्या बाजारात पिकअपची रांग लागलेली, क्रेट उतरवणाऱ्या हमालांची न्याहारीची वेळ. इथल्या गाड्यांवरचं काम मदतनिसावर सोपवून मी फरसाणवाल्या शेठकडं गेलो.

आमचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक. खरं तर ते विकणारे आणि आम्ही घेणारे, पण तोंडात शब्द गिऱ्हाईकच येतो. शेव, पापडी, गाठी, भावनगरी, दिवाळीत तर रात्रंदिवस भट्टी. त्यांची नोंदवही असते, असायलाच हवी. तळण्यासाठी दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यानं किती तेल आणलं, किती टाकून दिलं आणि कोणाला दिलं हे लिहून ठेवायचं, आणि ते अधिकृत गोळा करणाऱ्यालाच द्यायचं, असा नियम १ मार्च २०१९ पासून आहे.

या आकड्याबद्दल मला मनापासून बोलायचंय. ५० लिटर म्हणजे पंधरा किलोचे तीन डबे आणि वर थोडं. एका दिवसात एवढं तेल तळणीला लागणारी ठिकाणं आमच्या दोन तालुक्यांत हाताच्या बोटांवर. स्टँडवरची गाडी, बाजारातलं पाल, घाटातली टपरी, मंगल कार्यालयातला केटरर, यांतला कुणीच रोज तिथवर पोचत नाही. म्हणजे २५ टक्क्यांची मर्यादा सगळ्यांना, पण लिहून ठेवायची सक्ती फक्त मोठ्यांना. शहरात या नियमानं पुष्कळ तेल हाती लागत असेल. तालुक्यात मात्र बहुतेक तेल कुणाच्याच वहीत येत नाही. ते आणायचं तर दारोदार फिरूनच आणावं लागतं.

शेठनी आज दोनच कॅन पुढं केले. एरवी याच्या दुप्पट असतात. मी काही विचारायच्या आत तेच म्हणाले, “एक टेम्पोवाला येतो बाहेरून. किलोमागं चार रुपये जास्त देतो. पावती नाही, सही नाही, चाळणसुद्धा नाही. आहे तसं घेऊन जातो.”

“कशाला नेतो?”

“साबणाला म्हणतो.”

साबणाला जातही असेल. पण साबणवाल्याला चार रुपये जास्त परवडतात कसे, हे मला उलगडत नाही. आमचा दर मनानं ठरत नाही. १० ऑगस्ट २०१९ ला सरकारी तेल कंपन्यांनी वापरलेल्या तेलापासून केलेलं बायोडिझेल विकत घ्यायची योजना शंभर शहरांसाठी जाहीर केली, तेव्हा पहिल्या वर्षाचा भाव लिटरला ५१ रुपये होता. पुढं भाव वरखाली होत राहिले, पण हिशेब तोच. डिझेलच्या भावातून प्रकल्पाचा खर्च, टँकरचं भाडं, गाळाची घट वजा जाऊन जे उरतं त्यात आम्ही आणि शेठ. खाण्याच्या तेलाचा भाव मात्र डिझेलपेक्षा वरचा. म्हणून जो माणूस हे तेल पुन्हा खाण्यात घालणार असेल, त्याला आमच्यापेक्षा जास्त देणं नेहमीच परवडणार. आम्ही भावात त्याला कधीच हरवू शकत नाही.

हे मी शेठना सांगितलं. ते म्हणाले, “माझ्या दारातून गेल्यावर त्याचं काय होतं ते मी कसं बघू?” मी त्या दोन कॅनांची पावती फाडली.

आळेफाट्यावर फार थांबलो नाही. चौफुलीवरच्या हॉटेलांचा हिशेब ठरलेला आहे, माल तयार होता, उचलला आणि कल्याणच्या रस्त्याला लागलो.

दुपारी बारा

ओतूरला गाडी गावाबाहेरच लावावी लागली. मांडवी नदीकाठी कपर्दिकेश्वराचं मंदिर, जवळच चैतन्य महाराजांची समाधी. श्रावणी सोमवारी गाभाऱ्यात कोरड्या तांदळाच्या पिंडी रचतात, त्या बघायला लांबलांबून माणसं येतात. वाटेच्या दोन्ही अंगांना पालं. खेळणी, बांगड्या, शेवरेवडी, आणि दर चार पालांमागं एक कढई.

उपवासाचा दिवस असल्यानं साबुदाणावड्याला मोठी मागणी. हे तेल वेगळं असतं. बरेच जण शेंगदाण्याचं वापरतात, उपवासाला तेच चालतं म्हणून. पण साबुदाणा फुटतो, त्याचं पीठ तेलात उतरतं आणि दोन-तीन घाण्यांतच तेल फेसाळायला लागतं. त्यातच कुणी संध्याकाळी उपवास नसणाऱ्यांसाठी भजी काढली की बेसन आलं. यात्रेतली कढई एका दिवसात जेवढी म्हातारी होते तेवढी स्टँडवरची तीन दिवसांत होत नाही.

नदीच्या बाजूच्या एका पालात साठीच्या पुढच्या मावशी बसतात. दरवर्षी असतात. मी कॅन घेऊन गेलो तर म्हणाल्या, “आज न्यायला काय न्हाई दादा, आत्ताच तेल घातलंय. बस, वडा खा.”

कढईकडं बघितलं. वडे सोडले की फेस कडेपर्यंत चढत होता आणि खाली बसत नव्हता. नव्या तेलात वड्याभोवती मोठे बुडबुडे येतात आणि फुटून जातात. इथं बारीक, साबणासारखा, दाट फेस. वाफेला वास होता तो शेंगदाण्याचा नव्हता. ओवा आणि हिंग. साबुदाणावड्यात ओवा कुणी घालत नाही.

“मावशी, तेल कुठलं?”

त्यांनी पालामागून पांढरा कॅन ओढला. झाकणावर छाप नाही, चिठ्ठी नाही. सुट्टं तेल. यात्रेच्या आधी एक जण पालापालांतून विकून गेला होता. शेंगदाण्याचं म्हणून, बाजारभावापेक्षा बरंच स्वस्त. मी कॅन उन्हात धरला. गाळलेलं होतं, वरून सोनेरी दिसत होतं, पण हलवल्यावर भिंतीवरून लवकर उतरत नव्हतं. बोटांत घेऊन चोळलं तर चिकट.

आमच्याकडं तेल मोजायचं हातातलं यंत्र आहे. कांडी गरम तेलात बुडवायची, थोडं हलवायचं, आकडा येतो आणि सोबत दिवा लागतो. हिरवा म्हणजे चांगलं, पिवळा म्हणजे आता बदला, लाल म्हणजे फेका. मावशींना विचारून कांडी बुडवली. लाल दिवा लागला. घातल्याला तासही झाला नव्हता.

मावशींनी दिव्याकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. “म्हंजी कुणाचं तरी वापरल्यालं?”

खाण्याचं तेल सुट्टं विकायला कायद्यानं बंदी आहे, बंद डब्यातलंच विकायचं, हे खरं. पण ते मी मावशींना ऐकवणं बरोबर झालं नसतं. गुन्हा त्यांनी केलेला नाही, त्या फसल्यात. आणि पालाचं भाडं, साबुदाणा, शेंगदाण्याचं कूट यांत पैसे घालून बसलेल्या बाईला भर यात्रेत कढई उतरव म्हणणं सोपं नसतं. मागं ओळीनं माणसं उभी होती.

मी हिशेब मांडला. “मावशी, सकाळपासून तेल किती वेळा भरलं?”

“भरतीयाच की सारखं. वडं लई पितात आज.”

“जुनं तेल असंच पितं. नव्या तेलातला वडा बाहेरून पटकन बंद होतो. मोडलेल्या तेलातला वडा तेल शोषत राहतो. म्हणून स्वस्तातलं तेल लवकर संपतं.”

हे त्यांना पटलं, कारण हातांनी ते आधीच ओळखलं होतं. चाळीस वर्षं घाणे काढलेल्या बाईला कांडी लागत नाही, कुणीतरी बरोबर म्हणतंय एवढं लागतं. पांढरा कॅन आणि कढईतलं तेल मी घेतो, त्याचे पैसे धरून समोरच्या दुकानातून बंद डब्यातलं तेल आणू, कमी पडतील ते संध्याकाळपर्यंत राहू द्या, असं ठरलं. कढई थंड व्हायला वेळ लागणार होता म्हणून शेजारच्या पालातून दुसरी कढई मागून आणली. गर्दी ओरडली, दहा मिनिटं थांबली. नव्या तेलात पहिला घाणा सोडला तेव्हा मावशींनी फेस बघितला आणि रांगेतल्या पोरीला म्हणाल्या, “आता खा.”

मी तो पांढरा कॅन वेगळा ठेवला. झाकणावर तारीख आणि ‘ओतूर यात्रा’ लिहिलं.

अडीच

ओतूरहून जुन्नर. जेवण गाडीतच, भाकरी आणि ठेचा. दिवसभर तळणाच्या वासात राहणाऱ्याला तळलेलं खावंसं वाटत नाही.

जुन्नर २०१८ मध्ये पर्यटन तालुका जाहीर झाला. तेव्हापासून शिवनेरी, लेण्याद्री, नाणेघाट, माळशेजकडं येणाऱ्यांची रहदारी वाढलीच आहे, आणि पावसाळ्यात शनिवार-रविवार झाले की सोमवारी हॉटेलांकडं तेल साचलेलं असतं. गावातल्या हॉटेलांचं सांडपाणी उतारानं कुकडीकडं जातं. मोरीत ओतलेलं तेल थंड झालं की नळाच्या आतून लोण्यासारखं जमतं, गटार तुंबतं, आणि जे पुढं जातं ते पाण्यावर पसरतं. एका हॉटेलचं चेंबर आज उघडं होतं, आत पांढरट थर. मालकानं मला बघून चेंबरवर झाकण ओढलं. मी काही बोललो नाही. कॅन ठेवला, पुढच्या सोमवारी येतो म्हटलं.

एका कृषी पर्यटनवाल्या ताईंनी मात्र सुखद धक्का दिला. घरगुती काम, आठवड्याला जेमतेम चार-पाच लिटर तेल उरतं. त्यांनी ते फडक्यानं गाळून, बरणीत भरून, वर तारीख लिहून ठेवलं होतं. एवढ्या थोड्या मालासाठी गाडी आत वळवणं परवडत नाही हे खरं आहे. तरी मी वळवतो. असं तेल निवळ असतं, आणि बरणीवर तारीख घालणारं घर सोडायचं नाही, असं मी ठरवलंय.

साडेचार

घोडेगाव. भीमाशंकरला जाणारी आणि तिथून परतणारी बरीचशी वाहतूक याच रस्त्यानं, डिंभ्याच्या बाजूनं येणाऱ्या गाड्या एकामागं एक चिकटलेल्या. पाऊस सुरू झाला. पावसात तेल घेताना नरसाळ्यावर छत्री धरावी लागते, माणसावर नाही.

चहाच्या हॉटेलात काम करणारा पोरगा बारावीला आहे. कॅन धरायला मदत करतो आणि दर वेळी काहीतरी विचारतो. आज विचारलं, “याचं डिझेल होतं म्हणजे नक्की काय करतात?”

सांगितलं. तेल आधी तापवून त्यातलं पाणी उडवतात. मग मिथेनॉल आणि थोडं कॉस्टिक घालून ढवळतात. तेलाचा रेणू फुटतो, जड ग्लिसरीन खाली बसतं, वर पातळ बायोडिझेल राहतं. ते धुऊन, सुकवून डिझेलमध्ये मिसळतात. २०१८ च्या जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळायचं उद्दिष्ट आहे, त्याच वर्षी १० ऑगस्टला प्राधिकरणानं वापरलेल्या तेलाची ‘रुको’ मोहीम काढली. तेव्हा देशात वर्षाला २२० कोटी लिटर असं तेल गोळा करता येईल म्हणत होते. डिझेल इंजिनाला हे परकंही नाही. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं.

“विमानाला चालतं का?”

चालतं, पण प्रक्रिया वेगळी, त्यात हायड्रोजन लागतो. इंडियन ऑइलच्या पानिपतच्या रिफायनरीला वापरलेल्या खाद्यतेलापासून विमानाचं इंधन करायचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र २०२५ मध्ये मिळालं. आणि मे २०२३ मध्ये पुण्याहून दिल्लीला एक विमान गेलं, त्यात थोडं देशी जैवइंधन मिसळलेलं होतं. ते तेलापासून नव्हतं, उसाच्या मळीच्या वाटेनं केलेलं होतं, पुण्याच्याच प्राज कंपनीनं. पोराच्या घरचा ऊस पारगावच्या भीमाशंकर कारखान्याला जातो. तो हे ऐकून कॅन धरायचाच विसरला आणि थोडं तेल सांडलं. भुसा टाकून, झाडून, पुन्हा भुसा टाकला.

विमानाचं इंधन करणारे एक गोष्ट फार कडक विचारतात. तेल खरंच वापरलेलं आहे का, आणि कुठून आलं. म्हणजे कढईपासून पुढं प्रत्येक ठिकाणचा कागद लागतो. आमचं चुरगळलेलं पावतीपुस्तक हा त्यातला पहिला कागद आहे.

सात

गोडाऊनवर परत. आता खरी तपासणी. प्रत्येक कॅनमधलं पळीभर तेल तापलेल्या तव्यावर टाकायचं. नुसतं पसरलं तर ठीक. चरचरलं, तडतडलं तर पाणी आहे. आज एका ठिकाणचा कॅन असा तडतडला की पोरगा मागं सरकला. वजन वाढवायला मुद्दाम पाणी घातलेलं. कुणाचं ते पावतीवरून कळतं. तो कॅन बाजूला ठेवून तापवायचा, आटवायचा, आणि पुढच्या वेळी त्या माणसासमोरच तवा मांडायचा. भांडण करत नाही. तव्याचा आवाज ऐकल्यावर त्यालाही काही बोलता येत नाही.

बाकीचं तेल मोठ्या टाकीत, जाळीतून, मग कापडातून. तीन दिवस निवळू द्यायचं, तळाच्या नळानं गाळ आणि पाणी काढायचं. टँकर शुक्रवारी येतो. त्याच्या काट्यावरचं वजन आणि आमच्या पावत्यांची बेरीज यांत गाळाएवढाच फरक राहिला पाहिजे. जास्त फरक पडला तर वाटेत कुठंतरी तेल निघालंय, आणि बाहेर निघालेलं तेल कुठं जातं ते मी आज ओतूरला बघून आलोय.

तो पांढरा कॅन टाकीत ओतण्याआधी पुन्हा उघडला. शेठच्या सकाळच्या कॅनशेजारी ठेवून दोन्हींचा वास घेतला. ओवा, हिंग. पण शेव-पापडी करणारे दोन तालुक्यांत एकच शेठ नाहीत. सिद्ध करायला माझ्या हातात काही नाही, आणि नुसत्या वासावर कुणावर आळ घेणार नाही.

साडेआठ

तरी रात्री शेठना फोन केला. तुमचं तेल होतं असं म्हटलं नाही. ओतूरला काय बघितलं तेवढं सांगितलं. फेस, लाल दिवा, मावशी.

शेठनी एकच विचारलं, “त्या बाईला केवढ्याला दिलं?”

मी भाव सांगितला. पलीकडं ते आकडेमोड करत होते. टेम्पोवाला त्यांना देतो तो भाव आणि मावशींनी मोजलेला भाव, यांत दुपटीपेक्षा जास्त अंतर होतं.

“साबणाला न्हाई जात ते,” शेठ म्हणाले.

“नाही जात.”

“तुमच्या पावतीवर माझं नाव पडतं. त्याच्याकडं माझं नावच नसतं, म्हणून मला बरं वाटत होतं.” मग म्हणाले, “चार रुपये सोडतो असं आत्ता म्हणत न्हाई. पोरांशी बोलतो. गुरुवारी या, येताना तुमचं ते दिव्याचं यंत्र आणा. आमच्या भट्टीवर तेल कधी लाल होतं ते एकदा बघू द्या.”

गुरुवारच्या यादीत नारायणगावपुढं ‘यंत्र’ लिहिलं, आणि कॅन दोनाऐवजी चार धरले. पुढच्या सोमवारच्या यादीत ओतूरपुढं मावशींची उधारी आणि शेंगदाणा तेलाचा बंद डबा. जुन्नरच्या झाकण ओढणाऱ्या हॉटेलपुढं नुसती खूण केली. तिथं पुन्हा जायचंय.